ब्राह्मणपुरीची मोटार

दोंडाईचा स्टेशनवर उतरलो तेव्हा मला तीन दिवस उशीर झाला होता. मुंबईची बोट चुकली आणि पुढचं सगळंच लांबलं. कोकणातून ताईच्या सासरी सात वर्षांत कोणी गेलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मी एकटाच निघालो होतो.

मोटारीने तापीच्या काठावर सोडलं. पूल नव्हता. होडीने सारंगखेड्याला उतरलो, तर जत्रेला आलेले घोडे गुडघाभर पाण्यात उभे होते. शहाद्याला मोटार बदलली. दोन्ही अंगांना फुटलेला कापूस, लांबवर निळसर सातपुडा. वाऱ्याला खारा वास नाही. ताई इथे कशी रमली असेल?

शेजारच्या म्हातारीने विचारलं, “कोनाकडे जाई ऱ्हायना, भाऊ?”

“ब्राह्मणपुरीच्या मास्तरांकडे. त्यांची बायको माझी बहीण.”

“अरे! ती ते तीन दिसफाईन (तीन दिवसांपासून) फाट्यावर उभी ऱ्हास!”

मला मान वर करवेना.

थोड्या वेळाने समोरून दुसरी मोटार आली. रस्ता अरुंद. आमच्या ड्रायव्हरने चाकं कडेच्या मातीत उतरवली आणि दोन्ही गाड्या हातभर अंतराने सरकू लागल्या. म्हातारीने माझं मनगट धरलं. “हाई देख, मास्तरीनबाई!”

“ताई!” मी ओरडलो.

ती माझ्या मिशीकडे बघत राहिली. ती लग्न होऊन गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मग एकदम ओळख पटली आणि ती कंडक्टरवर ओरडली, “गाडी थांबाडा! मन्हा भाऊ शे, मन्हा भाऊ!”

ती ‘माझा भाऊ’ म्हणाली, हे कळायला मला क्षणभर लागलं.

दोन्ही गाड्या थांबल्या. स्टेशनवर माझी चौकशी करायला निघालेली ताई उतरून आमच्या गाडीत चढली. म्हातारीने तिला जागा दिली. ताईने माझा हात घट्ट धरला आणि ब्राह्मणपुरी येईपर्यंत सोडला नाही.

दोन दिवस कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं. चुलीपाशी बसून ती विचारायची, “भरतीचा आवाज अजून माजघरात येतो का रे?” मी हो म्हटलं की थोड्या वेळाने पुन्हा तेच.

निघताना ती तापीपर्यंत मोटारीने आली. होडी सुटली तेव्हा म्हणाली, “आईला सांग, मी मजेत आहे.” पलीकडे पोचून वळून पाहिलं, तर तिची परतीची मोटार धूळ उडवत निघून गेली होती, आणि ती मात्र काठावरच उभी होती.

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, “कधी येईन म्हणाली?”

“आंब्याच्या दिवसांत,” मी म्हणालो.

खरं तर ते ताईला विचारायचा धीरच मला झाला नव्हता.