सरांचा खोटा क्वेसार

आमच्या लॅबमध्ये किस्से साठतात, कारण आमचं निम्मं काम म्हणजे वाट बघणं. लांबच्या क्वेसारचा, म्हणजे दूरच्या आकाशगंगेच्या झगझगीत गाभ्याचा, उजेड कधी वाढतो, कधी उतरतो, बघत बसायचं. आणि माणसं नुसती बसली की काहीतरी घडवतातच की!

*

आमची सविता खुलताबादकडची, पीएचडी करते. तिच्या मामांनी एकदा विचारलं, "नेमकं करतीस काय गं तू तिथं?"

"मामा, लांब एक क्वेसार आहे, लई झगझगीत. मधे एक आकाशगंगा आडवी आलीय. तिच्या ओढीनं उजेड वाकतो अन् दोन वाटांनी येतो. म्हणून एकाचे दोन ठिपके दिसतात. क्वेसार उजळला की एक ठिपका आधी उजळतो, दुसरा मागनं. किती मागनं, ते मी काढते. समजा, दोघं भाऊ घरून वाळूजला कंपनीत निघाले. एक बायपासनं, एक गुलमंडीच्या बाजारातनं..."

"गुलमंडीतनं?" मामा म्हणाले. "मग त्याची शिफ्ट बुडाली!"

*

सिम्युलेशन म्हणजे कॉम्प्युटरवर खोटा क्वेसार तयार करून आपलं गणित तपासायचं. एकदा माझं एक वजाचं चिन्ह राहिलं, आणि क्वेसार उजळायच्या आधीच त्याचा ठिपका उजळला!

आमचे गाईड सर स्क्रीनकडे बघतच राहिले. "परीक्षेच्या आधी निकाल? अरे, इथं परीक्षेनंतरसुद्धा लागत नाय!"

*

सर म्हणजे वल्ली. पोरं डोळे उघडे ठेवून काम करतात का, ते बघायला खऱ्या डेटात गुपचूप एखादा खोटा आलेख मिसळतात. सविताला असंच एकदा फार सुरेख उत्तर मिळालं. पोरीनं अख्ख्या डिपार्टमेंटला पेढे वाटले. सरांनी दोन खाल्ले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "छान. हा क्वेसार मी मंगळवारी बनवला."

तेव्हापासून सविताचा सरांवरचा विश्वास उडाला, तो उडालाच!

*

यंदा पहिला ठिपका उजळला. सवितानं छातीठोक सांगितलं, दुसरा दिवाळीनंतरच्या आठवड्यात उजळणार. नाही उजळला तर गणित चुकलं, थिसिस पहिल्यापासून. आणि नेमके त्याच आठवड्यात दुर्बिणीवर ढग! पोरीचा जीव टांगणीला. मला तर तिच्याकडे बघवेना.

शेवटी ढग सरले. सकाळी सरांनी फाईल आधी स्वतः बघितली, मग पुढं पाठवली. सवितानं आलेख काढला. दुसरा ठिपका उजळला होता, अगदी पहिल्यासारखाच.

ती हसली नाही. सरांकडे वळली. "सर, खरं सांगा. हा तुम्हीच बनवलाय ना?"

"आईशप्पथ, नाय!"

"ते तर तुम्ही म्हणणारच."

सर उठले, कपाटातून सकाळीच आणलेला पेढ्यांचा बॉक्स काढला आणि तिच्यापुढं ठेवला.

सवितानं झाकण उघडलं. आत दोन पेढे कमी होते.