ड्रायव्हरमामांची पडद्यावरची गाडी

शर्यतीत नेहमी शेवटचा येऊनही समाधानाने कपाळावरचा घाम पुसणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या वसमतच्या गल्लीतले ड्रायव्हरमामा. वसमत ते हिंगोली अशी लाल बस त्यांनी हयातभर चालवली. निवृत्त झाल्यावर पहाटे उठून अंगणात नुसते उभे राहत, म्हणून त्यांच्या मुलाने, प्रकाशने, पुण्याहून टीव्हीला जोडायची खेळाची पेटी आणून दिली. तिच्यात मोटारींची शर्यत होती आणि सोबत प्लास्टिकचे स्टिअरिंग होते. त्या स्टिअरिंगला मामांनी प्रथम हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि मगच हात लावला. वाहनाला देवत्व असते, मग ते पडद्यावरचे का असेना, ही त्यांची श्रद्धा मला फार भावली.

मात्र मामा एकटे कधीही खेळले नाहीत. सायंपूजा आटोपून मी देवळातून परतत असे, तेव्हा त्यांच्या ओसरीवर टीव्हीसमोर सतरंज्या दोन रांगांत अंथरलेल्या असत आणि मधून जाण्यापुरती वाट मोकळी असे. हळद निवडून थकलेल्या बायका, दुकान बंद करून आलेले शेजारी, सारे आपापली जागा धरून बसत. "सरका मागं, म्हातारीला खिडकीजवळ बसू द्या," असे मामा स्वतः सांगत. ओसरीला खिडकी नव्हती, तरी लोक सरकत. दाराजवळची जागा माझी. ती कंडक्टरची.

माझ्याकडे एक कामही होते. देवळातून येताना हातात पितळी तांब्या असे. त्यावर मी अंगठीने दोन टोले द्यायचे, ही डबल बेल. ती झाल्याखेरीज मामा गाडी हलवत नसत. पडद्यावर शर्यत सुरू होई, इतर मोटारी धूळ उडवत दिसेनाशा होत. मामांची गाडी आपली उभीच.

"मामा, अवो समदे गेले की!" कोणीतरी ओरडे.

"जाऊ द्या. त्यांच्या गाडीत कोणी बसलं न्हाई, म्हणून पळून राहिले. गुरुजी, मारा डबल."

मग गाडी निघे. वळण आले की मामा वेग उतरवत आणि मान न वळवता पुकारत, "शिरड शहापूर! उतरणारे पुढं या!" शेजारच्या गोदाबाई हमखास म्हणत, "मामा, मला औंढ्याला उतरवा. नागनाथाचं दर्शन घिऊन येते, तवर थांबा." आणि मामा भर शर्यतीत खरोखर थांबत. स्वयंपाकघरातून मामींचा आवाज येई, "नोकरी संपली, पर ह्यांची ड्युटी काय संपंना!"

एकदा मी त्यांना विचारले, "मामा, एखादे दिवशी पहिले यावे असे वाटत नाही का?"

ते गंभीर झाले. म्हणाले, "पयलं येणं डायवरचं काम न्हाई, गुरुजी. बसलेल्यांला बराबर पोचवणं हाय."

एका उन्हाळ्यात विजेचा दाब एकाएकी वाढला आणि ती पेटी जळाली. प्रकाशने मोठ्या मायेने वडिलांना नवा मोबाइल पाठवला. त्यात तसाच, किंबहुना अधिक देखणा खेळ होता. स्टिअरिंगची गरज नव्हती; मोबाइलच डावी-उजवीकडे कलवला की गाडी वळे. प्रकाश फोनवर म्हणाला, "आता कुठंही बसून खेळा, बाबा. कोणाची वाट बघायला नको."

त्याच्या हेतूत खोट नव्हती. पण कोणाची वाट न पाहणे हे मामांना सुख वाटेल, असे त्याने गृहीत धरले होते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही सारे सवयीने जमलो. तळहाताएवढा तो पडदा. मागच्यांना मामांच्या पाठीखेरीज काही दिसेना. "दाखवा की जरा," गोदाबाई म्हणाल्या. मामांनी मोबाइल त्यांच्याकडे कलता केला, आणि गाडी रस्ता सोडून कठड्यावर आदळली. माझ्याकडे कलता केला, तर दुसऱ्या बाजूला खड्ड्यात गेली. सगळे हसले. मामा हसले नाहीत. "तुमाला दाखवाया गेलो की गाडी घसरून राहिली," एवढेच म्हणाले. हळूहळू लोक येईनासे झाले. सतरंज्या घडी होऊन माळ्यावर गेल्या.

त्यानंतर मामा भरधाव खेळू लागले. एकदा मी डोकावलो, तर पडद्यावर सोनेरी चषक चमकत होता. "मामा, पहिले आलात!" मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "गाडी रिकामी हाय ना."

एकट्याला करमेना म्हणून आदिपुरुषाने दुसऱ्याची इच्छा केली, हे उपनिषदातले वाक्य मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले. त्या वाक्याचा अर्थ मला त्या रिकाम्या ओसरीवर पुरता उमगला. जुनी का होईना, तशी एखादी पेटी शोधून आणावी, हे मात्र गल्लीत कोणालाच सुचले नाही. मलाही नाही. ही रुखरुख आता जन्माची सोबतीण आहे.

आमची शेवटची भेट पावसाळा सरता सरता झाली. मामा खाटेला खिळले होते. मी तांब्यातून तीर्थ नेले होते, ते त्यांनी डोळे मिटून घेतले. मग उशाखालचा मोबाइल काढून त्यांनी खेळ लावला. गाडी सरळ रस्त्यावरून चालली होती. मी खाटेशेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मोबाइल सावकाश, पुरता माझ्या बाजूला कलता केला.

गाडी रस्त्यावरून उतरली आणि कुंपण मोडून गवतात जाऊन उभी राहिली.

"मामा, गाडी घसरली," मी म्हणालो.

"घसरू द्या. तुमाला दिसून राहिलं ना?"

"दिसते आहे."

"मग मारा डबल."

मी रिकाम्या तांब्यावर अंगठीने दोन टोले दिले. गाडी गवतात तशीच उभी होती. मामांनी उशीवर मान टेकली आणि फार दिवसांनी कपाळावरचा घाम पुसला.

"निघाली," ते म्हणाले.