अक्काच्या घंटेचा लांबचा रस्ता

जॉइंटरकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा ठाम मत दिलं ते बहात्तराव्या वर्षी, आणि तेही चुकलं.

टेलिफोन खात्यात तीस वर्षं त्यांनी खड्ड्यात उतरून केबलचे सांधे जोडले. खड्ड्यातल्या माणसाला कुणी मत विचारत नाही, हे त्यांच्या फार पथ्यावर पडलं. घरीही ‘तुम्ही म्हणाल तसं’ या तीन शब्दांवर त्यांनी लग्नापासून निवृत्तीपर्यंत सगळं निभावून नेलं.

घोळ झाला तो अक्कामुळे. अक्का त्यांची थोरली बहीण. वस्तीच्या उतारावर सगळ्यात वरच्या घरात ती एकटी राहायची, आणि मांडीचं हाड मोडल्यापासून पलंगावरच होती. वर मोबाइल लागत नव्हता. काकांनीच जोडलेली केबल खात्यानं कधीच उपटून नेली होती.

खालच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, “उशाशी बटण बसवा. दाबलं की माझ्या खोलीत घंटा वाजली पाहिजे. रोज एकदा दाबून आठवडाभर बघू. एकदा जरी चुकली, तर अक्कांना खाली वॉर्डात आणायचं.”

“वॉर्डात गेलेली माणसं परत चढ चढत नाहीत,” अक्का म्हणाली. “बटण आणा.”

काकांची पुतणी तंत्रनिकेतनात शिकवायची. तिनं नऊ छपरांवर छोटे रेडिओचे डबे बसवले. एका डब्यानं निरोप दुसऱ्याकडे द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. प्रश्न उरला रस्त्याचा.

“काका, दोन प्रोटोकॉल आहेत. म्हणजे निरोपानं कुठून जायचं ते ठरवायचे नियम. एक उड्या मोजतो. कमीत कमी डबे लागतील तो रस्ता. दुसरा बघतो, शेजारच्या डब्यापर्यंत निरोप किती प्रयत्नांत पोचतो. त्यात डबे जास्त लागले तरी चालतात. कोणता घेऊ?”

काका ‘तू म्हणशील तसं’ म्हणणारच होते. पण सांध्यांचा विषय निघाला आणि त्यांच्या अंगात आलं. “पहिला! एक सांधा वाढला की आवाज तेवढा खाली जातो. तीस वर्षं तेच केलंय मी.”

“पण ही तार नाही, काका. इथे प्रत्येक डबा निरोप नव्या दमानं पाठवतो.”

“तार नसली म्हणून काय झालं?”

हे वाक्य पुढे त्यांना दाढी करताना आठवायचं, आणि मग ते आरशाकडे पाठ करून दाढी करायचे.

निरोप दोन उड्यांत जाऊ लागला. अक्काच्या छपरावरून थेट पाण्याच्या टाकीवर, तिथून दवाखान्यात. काकांच्या छपरावरचा डबा वाटेत लागतच नव्हता. त्यांना बरंच वाटलं. आपण मध्ये नाही, म्हणजे आपल्यामुळे काही बिघडायला नको.

दोन दिवस घंटा खणखणीत वाजली. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपार कलली तरी वाजली नाही. काका आणि सिस्टर धापा टाकत वर गेले.

“अगं बाई, विसरलेच मी,” अक्का म्हणाली. “दाबलंच नाही.”

“मग चुकली म्हणता येणार नाही,” म्हणत सिस्टर खाली गेल्या.

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी चौथीत पाटी कुणाची फोडली आणि नाव कुणाचं सांगितलं, हे जिला अजून पाठ होतं, ती बटण विसरली? तिच्या अंगठ्याचं टोक लाल झालं होतं.

“किती वेळा दाबलंस?”

“मोजत बसले नाही.”

“अक्का!”

“अरे, जन्मात एकदा तोंड उघडलंस. ते लगेच कसं बंद करू? शिवाय मला वॉर्डात जायचं नाही. दोन्ही कामं एका थापेत झाली. आता गप्प बस.”

गप्प बसण्यात काकांचा हात कुणी धरला नसता. पण खरी गरज पडेल त्या दिवशी वाजली नाही तर? उतरताना त्यांना लाँड्रीवाल्याची गच्ची दिसली. अक्काचं छप्पर आणि टाकी यांच्या बरोबर मधे, दर बुधवारी वाळत पडणाऱ्या दवाखान्याच्या ओल्या चादरींची भिंत उभी होती. पुतणीनं तपासलं. दहातले नऊ निरोप त्या चादरींतच गळत होते.

काका दवाखान्यात गेले. “सिस्टर, अक्कानं दाबलं होतं. घंटाच चुकली. म्हणजे चादरी तुमच्याच दवाखान्याच्या, पण चूक माझी.”

“मग ठरल्याप्रमाणे अक्का खाली.”

“तुम्ही म्हणाल त...” काकांनी शब्द गिळला. “नाही. नियम बदलू. आठवडा नव्यानं मोजा. आणि बुधवारी चादरी वाळत असतानाच बघा.”

सिस्टरनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “बरं. पण हा शेवटचा आठवडा.”

दुसरा प्रोटोकॉल लागला. निरोप आता पाच उड्या मारत, घरोघर थांबत यायचा, आणि त्यातली एक उडी काकांच्या छपरावर पडायची. बुधवारी चादरी लागल्या तसे काका खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. डब्याचा हिरवा दिवा तिथून दिसायचा. चहा पुढ्यात गार झाला. साडेचारला दिवा लुकलुकला आणि काका एकाच पायात चप्पल घालून दवाखान्याकडे सुटले.

सिस्टर दुसऱ्या वाटेनं वर गेल्या होत्या; परत आल्या तेव्हा काका दवाखान्याच्या दारातच उभे होते.

“वाजली हो! धावत गेले मी. तर अक्का म्हणतात, ‘मला काही झालं नाही. भाऊ खिडकीत अवघडून बसला असेल, त्याला म्हणावं चहा पी.’”