उभं राहिलं की प्रेशर कुठे जातं?

हडपसरला दवाखाना टाकला तेव्हा वाटलं होतं, इथं पेशंट जमतील. जमले किस्से! प्रेशर मोजायचा पट्टा दंडाला गुंडाळला की माणसं मनातलं सगळं बोलून टाकतात.

परवा एक रिटायर्ड बँकवाले आले. प्रेशर घरी नॉर्मल, माझ्यासमोर चढलेलं. म्हटलं, "डॉक्टर दिसले की काहींचं वाढतं."

"म्हणजे कारण तुम्ही. मग गोळी मी का घ्यायची?"

*

एका काकूंचं प्रेशर मी मोजत होते. शेजारी काकांच्या सूचना अखंड चालू. आकडा वर! काकांना बाहेर बसवलं, जरा वेळाने पुन्हा मोजलं. आकडा खाली!

काकू म्हणाल्या, "गोळ्या राहू द्या. हेच लिहून द्या, दिवसातून दोनदा."

*

एकांनी मीठ बंद केलं होतं, तरी प्रेशर उतरेना.

"लोणचं खाता?"

"ते मिठात कुठे येतं? कैरीचं असतं ते!"



*

आणि आमच्या सोसायटीतले कांबळे सर. निवृत्त पीटी शिक्षक. दरवर्षी झेंडावंदन त्यांच्याच हस्ते. गेल्या वर्षी राष्ट्रगीत चालू असतानाच कोसळले. यंदा कमिटी म्हणाली, "सर, राष्ट्रगीताला आपण खुर्चीत बसूनच राहा."

सर दवाखान्यात आले, डोळे भरलेले. "मॅडम, जन्मभर पोरांना सावधान शिकवलं. आता मी बसू?"

त्यांना समजावलं, "उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. शरीर लगेच शिरा आवळून ते वर ढकलतं. तुमचं शरीर जरा उशीर करतंय, म्हणून प्रेशर घसरतं नि चक्कर येते. आपण त्याला मदत करू." प्रेशरची गोळी बदलली, पाणी वाढवलं. उभं राहण्याआधी टाचा वरखाली करायच्या, उभं असताना मांड्या आवळून धरायच्या, हेही शिकवलं. सरांनी घरी रोज सराव केला.

झेंडावंदनाला सर माइकपाशी आले. "सगळ्यांनी टाचा वर! खाली! वर!" अख्खी सोसायटी करायला लागली. खराडीच्या आयटीतली, अर्धवट झोपेतली पोरंसुद्धा! चेअरमनसाहेब तर धापा टाकत होते.

मग "सावधान!"

मी गायलेच नाही, सरांचे गुडघे बघत होते. मागे त्यांची बायको प्लास्टिकची खुर्ची घट्ट धरून उभी.

राष्ट्रगीत संपलं. सर उभेच होते! मागे वळून म्हणाले, "अगं, आता तूच बस खुर्चीत. तुझे पाय लटपटतायत."