तीन वाजायच्या आत ओटिसची सही

आमच्या पिट्सबर्गच्या बास्केटबॉल संघात सगळ्यात अडकलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी लेनर्ड हुडाककडे बोट दाखवीन. बावीस वर्षांत लेनने चेंडूला हात लावलेला नाही. संघाने खेळाडूंना मिळून किती पगार द्यायचा, याची मर्यादा लीग ठरवते. त्या मर्यादेत पंधरा धिप्पाड माणसं बसवायची, हे त्याचं काम. एका बॅगेत दोन बॅगांचं सामान भरून वर बसून चेन लावतात, तसं. एकाला काढायचा तर जवळपास तेवढ्याच पगाराचा दुसरा घ्यावा लागतो, दुसऱ्यासाठी तिसरा सोडावा लागतो, आणि तिसऱ्याच्या करारात लेननेच केव्हातरी एखादं कलम घालून ठेवलेलं असतं. घरी नातीने बिस्किट मागितलं तरी हा विचारतो, बदल्यात काय देतेस?

मी त्याच्या शेजारच्या टेबलावर सामन्यांच्या चित्रफिती कापतो, त्यामुळे त्याचे उसासे मला पाठ आहेत. पण फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी तो उसासेही टाकत नव्हता. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत दुपारी तीनला संपणार होती.

आमच्या नव्या व्यवस्थापक कॅरल विन्सलो कॅलिफोर्नियाहून आलेल्या. जुना संघ मोडून नवा बांधायचा, असं त्यांनी मालकांना सांगितलं होतं. पश्चिमेकडचा एक संघ दोन तरणी पोरं द्यायला तयार झाला होता. बदल्यात त्यांना हवा होता आमचा ओटिस ब्रॅनम. वय छत्तीस, गुडघे साठीचे, पगार संघात सगळ्यात मोठा. ओटिस गेला की बॅगेची चेन लागणार होती. अडचण एवढीच, की त्याच्या लेखी संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नव्हतं. ते कलम लेननेच चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं, ओटिसच्या मुलांच्या शाळा बदलायला नकोत म्हणून.

"गाठ तुम्ही मारलीत, सोडवाही तुम्हीच," कॅरलबाई शांतपणे म्हणाल्या. "नाहीतर उन्हाळ्यात मला दुसरा माणूस शोधावा लागेल."

लेनला निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती.

ओटिस सकाळपासून फोन उचलत नव्हता. बर्फ पडलं की तो ट्रॉय हिल टेकडीवर सासूबाईंकडे जातो, हे मला ठाऊक होतं. म्हणून लेनने मलाही गाडीत घातलं. संमतीचे कागद त्याच्या गळ्यातल्या बॅगेत होते. ती बॅग तो आंघोळीपुरतीच काढत असावा.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. चढावरची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, आणि गाडी लावायला साफ केलेल्या प्रत्येक जागेत एकेक खुर्ची. आमच्या गावात ज्याने फावड्याने जागा मोकळी केली, त्याने तिथे खुर्ची ठेवायची, की ती जागा त्याची. पोलीससुद्धा त्या खुर्चीला हात लावत नाहीत. अशाच एका खुर्चीवरून लेन स्वतःच्या मेव्हण्याशी सबंध हिवाळा बोलला नव्हता. तोच लेन खाली उतरला, लाल बैठकीची खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि तिथे गाडी घातली. मी म्हटलं, "लेन, अरे, खुर्ची." तो म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे."

खुर्ची नेमकी ओटिसच्या सासूबाईंची होती. मिसेस पेटवे दारातच उभ्या होत्या.

त्यांनी आम्हाला आत घेतलं, मक्याचा पाव पुढे केला, आणि मग लेनच्या आईचं नाव, चर्च आणि मोहल्ला विचारून घेतला. माणूस इथलाच आहे, याची खात्री झाल्यावर त्यांना जास्तच वाईट वाटलं. बाहेरगावचा असतास तर सोडून दिलं असतं, असं त्या म्हणाल्या. ओटिस गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसला होता. बाहेरची ती जागा त्यानेच सकाळी दोन तास खपून मोकळी केली होती.

लेनने घसा साफ करून सगळं सांगितलं: तिकडचं ऊन, तिकडचे डॉक्टर, पोरांसाठी चांगल्या शाळा. उन्हाळ्यात आपली नोकरी जाईल, हे मात्र सांगितलं नाही. ते मी सांगून टाकलं.

ओटिसने गुडघ्यावरची पिशवी काढून बाजूला ठेवली.

"लेन, तू मला एक जागा लिहून दिली होतीस," तो म्हणाला. "आज तीच उचलायला आलास, आणि येताना म्हातारीचीही उचललीस."

"चुकलो रे."

"आधी खुर्ची जागेवर ठेवून ये. मग बोलू."

दोन वाजून वीस मिनिटं. लेन बाहेर गेला, बॅग गळ्यातच. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्याने गाडी काढली, खुर्ची दोन्ही हातांनी जागेवर नीट ठेवली. तेवढ्यात मागून बर्फ सारणारा ट्रक आला आणि भोंगा वाजवायला लागला. रस्ता एकेरी. लेनला पुढे जावंच लागलं, आणि पुढे सगळा उतार.

तो तीन गल्ल्या फिरला असणार. मोकळ्या जागा भरपूर होत्या, पण प्रत्येकीत कुणाची ना कुणाची खुर्ची होती, आणि दुसऱ्यांदा हात लावायची त्याची छाती झाली नाही. शेवटी गाडी थेट नदीकाठी लावून तो पायऱ्यांनी वर आला. आमच्या टेकड्यांना पायऱ्या शेकड्यांनी असतात.

इकडे ओटिसने बायकोला फोन लावला, दोनच वाक्यं बोलला आणि सासूबाईंकडे पेन मागितलं. पावणेतीन. दहा कमी. पाच कमी. पेन हातात, कागद मात्र कुठेतरी पायऱ्यांवर.

लेन दारात आला तेव्हा तीन वाजून चार मिनिटं झाली होती. पापण्यांवर बर्फ. ओटिसच्या हातातलं पेन बघून तो उभ्या जागी खाली बसला.

"सही करणार होतो मी," ओटिस म्हणाला.

"दिसतंय."

"म्हणजे करार संपेपर्यंत, अजून दीड वर्ष, मी इथेच. तुझ्या मानगुटीवर."

"मी असलो तर," लेन म्हणाला. कॅरलबाईंचा फोन त्याच्या खिशात थरथरत होता.

मिसेस पेटवेंनी त्याच्यासमोर घेवड्याचं सूप ठेवलं. "आता कुठे जायची घाई आहे तुला?" त्या म्हणाल्या. "ती बॅग काढ आधी, आणि जेव."