पुस्तकाची पलीकडची बाजू

मिसने पुस्तक पुढे केलं. माझ्या पोरीने ते घेतलं, फिरवलं आणि उलटं धरलं.

मिसला वाटलं चुकून झालं. तिने सरळ करून दिलं. पोरीने परत उलटं केलं. मग मिस हसली. मागच्या बाकांवर आईबाप बसले होते, आपापल्या मुलांचा नंबर यायची वाट बघत. त्यांच्यातही कोणीतरी फिसकन हसलं. एक बाप बायकोच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले होते, गुडघे छातीशी आलेले. साडी नेसून बसून बघा एकदा तसल्या खुर्चीवर.

"शी डझन्ट इव्हन नो हाऊ टू होल्ड अ बुक," मिस शेजारच्या मिसला म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि मी बहिरी असल्यासारखं सावकाश मराठीत म्हणाली, "घरी पुस्तकं नसतील ना? मग मुलांना धरतासुद्धा येत नाही."

मागून आवाज आला, "बिचारी."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. ज्या घरी मी कामाला होते त्या घरची ताई. तिची रेवा आणि माझी श्रावणी एकाच वर्गात, पहिलीत. रेवा नर्सरीपासून त्या शाळेत. श्रावणीला आरटीईच्या लॉटरीतून सीट लागली, थेट पहिलीला. त्याआधी ती अंगणवाडीत गाणी म्हणायची आणि खिचडी खायची. शाळा सुरू होऊन काही आठवडेच झाले होते आणि कोण किती वाचतं ते तपासायचा दिवस होता. असेसमेंट म्हणतात त्याला. एकेका मुलाला पुढे बोलवायचं, पुस्तक द्यायचं, वाचायला लावायचं. आईबापांसमोर.

रेवाचं आधीच झालं होतं. घडाघडा वाचलं तिने. फ्रॉकवर स्टार रीडरचा बिल्ला लागला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. पगार घेत होते ना त्यांचा.

मिसने वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाली, "ही वर्गात फळ्याकडे बघतानासुद्धा मान वाकडी करते. स्थिर बसत नाही. वाचनाच्या तासाला आपण हिला रोज खाली सिनियर केजीत पाठवू. तिथे तिला बरं वाटेल. सोमवारी येऊन सांगा, तुमची हरकत नाही ना ते."

म्हणजे रोज त्या तासाला माझ्या पोरीने उठायचं, सगळ्या वर्गाच्या देखत जिना उतरायचा आणि लहान पोरांत जाऊन बसायचं. आणि रेवाने वरून बघायचं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

ताईबद्दल सांगते. इथे मी तिला ती म्हणणार आहे. तोंडावर खूप वर्षं ताई आणि तुम्ही म्हणून झालं. ती मला मावशी म्हणायची. वयाने माझ्यापेक्षा मोठी, तरी मावशी. बोरीवलीत नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून आमची वस्ती, आणि आमच्यावर सावली पाडणारा तिचा टॉवर. घरी बसून ऑफिस करायची. दुपारी मी जायचे. रेवाला भरवणं, झोपवणं, खाली बागेत नेणं, रात्रीची पोळीभाजी. श्रावणीला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तिला सोबत नेत होते. ताई कधी नाही म्हणाली नाही. हे तिचे उपकार. ती स्वतःच ते अधूनमधून बोलून दाखवायची.

संध्याकाळी ती लॅपटॉप मिटायची आणि सोफ्यावर रेवाला मांडीवर घेऊन गोष्ट वाचायची. हॉलमध्ये बुटकं टेबल होतं, त्यावर पुस्तक. ओळीखालून बोट फिरवत, आवाज बदलत, मजेत वाचायची. मी किचनमधून बघायचे.

मला मत्सर वाटायचा. लपवून काय करू? तीन-चार वर्षांच्या पोरीचा मत्सर. तिच्या फ्रॉकचा नाही, खोलीतल्या एसीचा नाही. तिच्या आईच्या मांडीचा. दिवस बुडायच्या आत एक बाई पोरीला मांडीवर घेऊन निवांत बसू शकते, याने माझा जीव जळायचा. हातातली कणीक मी नको तितकी तिंबायचे. आणि ताईचा मत्सर तर त्याहून जास्त. कारण माझी पोरगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची. तसं माझ्याकडे तिने कधी बघितलं नव्हतं. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. इंग्रजीची अक्षरं येतात, दुकानाची पाटी वाचेन, पण गोष्ट नाही. माझ्या पोरीला हवं ते त्या बाईजवळ होतं आणि माझ्याजवळ नव्हतं. त्या वेळी ती बाई मला आवडायची नाही. चांगली वागायची तेव्हा तर जास्तच नाही.

सुरुवातीला श्रावणी रेवाला चिकटूनच बसायची. एकदा अंगणवाडीत उवांची साथ आली. सगळ्याच पोरांच्या डोक्यात झाल्या. ताईने पाहिलं आणि म्हणाली, "श्रावणी बाळा, तू समोर बस हं. टेबलाच्या पलीकडे." मी त्याच रात्री फणी घेऊन बसले. डोकं स्वच्छ केलं. तेल लावून घट्ट वेण्या घातल्या. ताईला दाखवलं, "बघा ताई, एक नाही राहिली." ती म्हणाली, "हो हो, छान." पण बाजूला बस असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. श्रावणी पलीकडेच बसायला लागली, गुडघ्यांवर, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून. पुढे कित्येक संध्याकाळी तशाच गेल्या. ती तिची जागाच झाली.

असेसमेंटच्या दिवशी घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो रिक्षा लावून नुकता आला होता. मालवणचा, गरम होणारा माणूस नाही. म्हणाला, "आपणाक काय करूचा आसा? एवढ्या मोठ्या शाळेत घेतला ना पोरीक? गप रव."

मी उठले. भांडी घासली. मग श्रावणीला जवळ बसवलं. शाळेचं पुस्तक दप्तरातून काढलं, तिच्यापुढे सरळ ठेवलं आणि म्हटलं, "वाच गं." तिने पुस्तक फिरवलं. उलटं केलं. आणि वाचायला लागली.

अडखळत नव्हती. बोट ठेवून, ताईसारखा आवाज बदलून वाचत होती. मला वाटलं पाठ केलंय. मी मधलंच एक पान उघडलं, उलटंच धरलं आणि विचारलं, "यात मिल्क कुठे?" तो शब्द मला येत होता, दुधाच्या पिशवीवर असतो. तिने बोट ठेवलं. मी मान वाकडी करून बघितलं. मिल्कच होतं. मग सन विचारलं, रेड विचारलं. सगळं बरोबर.

"असं उलटं का धरतेस गं?"

"उलटं कुठे? मराठी तशी असते. इंग्लिश अशी असते."

"आणि चित्रं? ती नाही उलटी दिसत?"

"चित्रं रेवाची असतात," ती म्हणाली.

साधं म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. पंखा वर असतो, फरशी खाली असते, तसं. चित्रं रेवाची. मी पुस्तक मिटलं. रडू आलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, माझी पोरगी नुसती बघत बसते. ती शिकत होती. पलीकडून, डोक्यावर उभं केलेलं सगळं ती सरळ समजून घेत होती, कारण तिच्या वाट्याला तीच बाजू आली होती. आणि त्याच बाजूसाठी आता तिला खाली पाठवणार होते.

सोमवारी मी श्रावणीला घेऊन मिसकडे गेले. रेवाला सोडायला ताईही आली होती. मिस म्हणाली, "मग? पाठवायचं ना?"

मी म्हटलं, "आधी तिला तिच्या पद्धतीने पुस्तक धरू द्या."

मिसने घड्याळ बघितलं, तोंड वाकडं केलं, पण पुस्तक दिलं. त्या दिवशीचं नव्हे, दुसरंच. श्रावणीने ते फिरवलं आणि वाचलं. पहिलं पान, दुसरं पान. मिसचे डोळे मोठे झाले. तिने दुसऱ्या मिसला हाक मारली. दारातले दोन-चार आईबाप आत आले. मला वाटलं, झालं. कळलं यांना. आता कोणीतरी म्हणेल, चुकलं आमचं.

"ओ माय गॉड, किती क्यूट!" ताई म्हणाली. मोबाइल बाहेर काढला होता तिने. "श्रावणी, थांब थांब, परत वाच ना, व्हिडिओ घेते. पुस्तक अजून वर धर. हां, अस्संच." मग आजूबाजूला बघून म्हणाली, "आमच्याकडेच शिकली हं ही. रेवासोबत."

सगळे हसले. या वेळी कौतुकाने. दुसऱ्या एका बाईनेही मोबाइल काढला. आणि माझी पोरगी खूश झाली. इतकी माणसं तिच्याकडे बघत होती. तिने वेण्या मागे टाकल्या, पुस्तक वर धरलं आणि परत सुरू करायला तोंड उघडलं. रस्त्यावर खेळ करणाऱ्या पोरीला उलटं चालायला लावतात, तशी ती उभी होती. पहिल्या दिवशी हसले तेव्हा मला लाज वाटली होती. आता लाज वाटली नाही. चीड आली.

मी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. दुसरा हात ताईच्या मोबाइलवर ठेवला.

"व्हिडिओ नाही."

"अहो मावशी, कौतुकच करतोय ना आम्ही!"

"ती उलटं वाचत नाही. तुम्ही तिला उलट्या बाजूला बसवलं."

कोणी हसलं नाही. ताईचा चेहरा पडला, मग लाल झाला. "आम्ही तिला घरच्यासारखं वागवलं, मावशी."

"मग रेवाला बसवायचं होतं एक दिवस समोर."

मिस मध्ये पडली. म्हणाली, "हे बघा, भांडण नको. हुशार आहे मुलगी, पण नियमाने सरळ पुस्तक वाचता यायला हवं. ते येईपर्यंत खाली..."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. "ती खाली जाणार नाही. पहिलीत सीट लागलीय तिची, पहिलीतच बसणार. तिला वाचता येतं, ते तुम्ही आत्ता ऐकलं. सरळ बाजू शिकवणं तुमचं काम. माझी हरकत आहे. लिहून घ्या, हरकत आहे."

मिसने लिहून घेतलं. श्रावणी पहिलीतच बसली.

त्या दिवशीही मी कामाला गेले. कोणाला वाटेल जायलाच नको होतं. मला एक गोष्ट बघायची होती. संध्याकाळी ताईने सगळं रोजच्यासारखं केलं. लॅपटॉप मिटला, रेवाला मांडीवर घेतलं, पुस्तक उघडलं. श्रावणी सवयीने पलीकडे जायला निघाली. मी पिठाच्या हातानेच तिचा दंड धरला, तिला टेबलाच्या अलीकडे आणलं आणि ताईच्या शेजारी बसवलं.

"ताई, ती इथे बसेल."

ताईने माझ्याकडे बघितलं. श्रावणीकडे बघितलं. सोफ्यावर पिठाचे डाग पडले होते, त्यांच्याकडे बघितलं. मग पुस्तक मिटलं आणि रेवाला म्हणाली, "आज नको वाचूया, हं. मम्माचं डोकं दुखतंय."

मला हेच बघायचं होतं. मी हात धुतले, पिशवी घेतली, पोरीला घेतलं आणि निघाले. रेवा दारापर्यंत आली. "मावशी, उद्या?" म्हणाली. तिची काही चूक नव्हती. तरी मी लिफ्टचं बटण दाबलं.

आता दुसरीकडे काम करते, सकाळचं. पैसे कमी मिळतात. संध्याकाळी भिंतीला पाठ लावून आम्ही दोघी बसतो, एकाच बाजूला. पुस्तक दोघींच्या मांडीवर, अर्धं तिच्या, अर्धं माझ्या. सरळ पुस्तक तिला जड जातं. उलटं जे घडाघडा यायचं, ते सरळ केलं की अडतं. चिडते, पुस्तक फिरवायला बघते. मी हात धरते. मलाही येत नाही, दोघी मिळून अक्षर अक्षर लावतो. परवा चित्र दिसलं तर बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "आई, हत्तीचे पाय खाली असतात."

रेवा पुढे गेलीय. आता जाड पुस्तकं वाचते म्हणे. ऐकलं की अजून जळतं. देवळात शेजारची म्हातारी म्हणते, दुसऱ्याच्या पोरीवर जळू नये गं, मन साफ ठेवावं. मी मान हलवते आणि ऐकत नाही. माझं मन साफ झालं, तर मी पुन्हा म्हणेन, बस गं समोर, काय फरक पडतो. उवांच्या दिवशी हेच म्हणाले होते मी, मनातल्या मनात. म्हणून हा मत्सर मी विझू देणार नाही. मला तो लागणार आहे. पुढच्या असेसमेंटला, पुढच्या मिससमोर, पुढच्या टेबलाजवळ.

माझी पोरगी पुन्हा कोणाच्या समोर बसून शिकणार नाही. बाजूला बसेल. ज्यांना अडचण होईल, त्यांनी सरकावं.