मंदाताईंच्या शाळेचा मार्च

मंदाताई कदमांची बालवाडी ग्वाल्हेरच्या मुरारमध्ये, छावणीजवळच्या गल्लीत, घराच्या तळमजल्यावर. नवरा फौजेतून निवृत्त झाला आणि वर्षभरात गेला. तेव्हा त्यांनी दिल्लीच्या एका कंपनीची फ्रँचायझी घेतली. नाव, गणवेश, पुस्तकं कंपनीची. जागा आणि राबणं मंदाताईंचं. बारा वर्षं तसं चाललं.

गेल्या नोव्हेंबरात कंपनीची नोटीस आली. दर्जा राखला नाही म्हणून करार रद्द. पंधरा दिवसांत पाटी उतरवा, पुढची दोन वर्षं ग्वाल्हेरात कुठेही बालवाडी चालवू नका. तपासायला मात्र कुणी फिरकलंच नव्हतं. मग कळलं की पलीकडच्या रस्त्यावर कंपनी स्वतःचीच मोठी शाळा उघडते आहे.

"आई, छोड ना अब," मुलगी हर्षिता म्हणाली. "किती करशील?"

"सालाच्या मध्यात एवढ्या मुलांना कुठे धाडू? मार्चपर्यंत तरी चालायला हवी."

जयेंद्रगंजमधल्या अभिराम पाटणकर वकिलांनी करार दोनदा वाचला. "ताई, आपल्याकडे फ्रँचायझीवाल्यांसाठी वेगळा कायदा नाही. जे आहे ते करारात आणि कराराच्या साध्या कायद्यात. कंपनीला तुमच्याशी कायमचं बांधून ठेवावं, असं कोर्ट सहसा करत नाही."

"म्हणजे संपलंच सगळं?"

"नाही. चूक दाखवून ती सुधारायला तीन महिने द्यायचे, असं त्यांनीच लिहिलंय. ते त्यांनी दिले नाहीत. आपण तिथे धरू. आणि ती दोन वर्षांची बंदी. करार संपल्यावर कुणाचा धंदा असा अडवला, तर ते सहसा टिकत नाही. फक्त त्यांचं नाव आणि पुस्तकं वापरायची नाहीत."

भांडण करारानुसार दिल्लीतच लढायचं होतं. पहिल्या खेपेला कंपनीचा वकील आजारी निघाला, पुढची तारीख मिळाली. परतीच्या गाडीत मंदाताईंचे पाय सुजले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फाटकाशी उभ्या होत्या, रडणाऱ्या मुलांना आईच्या कडेवरून उतरवून घेत.

दुसऱ्या खेपेला न्यायाधीशांनी सांगितलं, मार्चअखेर शाळा आहे तशी चालू द्या. नुकसानभरपाई करारात ठरलेल्या लवादापुढे मागा.

"जिंकलो, ताई!" पाटणकर कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणाले.

मंदाताईंनी मान हलवली. आनंद व्हायला हवा, हे त्यांना कळत होतं. त्यांना फक्त कुठेतरी आडवं व्हायचं होतं.

मुलांचं वर्ष पुरं झालं. एप्रिलमध्ये पाटी उतरली. भिंतींवरची कंपनीची चित्रं त्यांनी आणि शाळेतल्या दोघी बायांनी मिळून खरवडली. पापुद्रे निघाले, खाली जुना पिवळा रंग दिसला. निम्मी मुलं कंपनीच्या नव्या शाळेत गेली. ज्यांच्या मोठ्या भावंडांची नाकं मंदाताईंनी पुसली होती, तीही गेली. त्याचं त्यांना फार लागलं. लवादापुढचा दावा अजून चालू आहे. तारीख आली की त्या डबा भरून गाडीत बसतात.

जूनमध्ये संग्रामसिंह नावाचे एक गृहस्थ धाकट्या मुलीचं बोट धरून आले. कोऱ्या भिंतीकडे पाहत त्यांनी विचारलं, "मॅडम, अब स्कूल का नाम क्या है?"

"नाम अभी सोचा नहीं," मंदाताई म्हणाल्या आणि गुडघा धरून मुलीसमोर खाली बसल्या. "तुमचं नाव काय, बाईसाहेब?"